त्यांची वाक्यं तुम्हीच लिहिता

ताई, दिवाळीत इंदूरला आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला आता बडोद्याला आणावं असं वाटतं. रोज रात्री यांच्याशी डोक्यात भांडण चालतं, दोन वाजतात. हे शेजारी घोरत असतात. परवा शेव-उसळ खाता खाता म्हणाले, "माझ्या डोक्यात कुणी बोलतच नाही, चित्रं दिसतात." ज्याच्या आत आवाजच नाही त्याला दुसऱ्याचं दुःख काय कळणार? विचारलं नाही अजून, पण म्हणतील, "दोन खोल्यांत कुठे?"
– जागी, दांडिया बाजार

जागीबाई,

"विचारलं नाही अजून." मुद्द्याचे तीन शब्द, तेही पत्राच्या तळाशी!

"दोन खोल्यांत कुठे" हे वाक्य त्यांनी उच्चारलेलंच नाही. लिहिलं तुम्ही, त्यांच्या तोंडी घातलं तुम्ही, ऐकून भडकलातही तुम्हीच. माझ्याही डोक्यात एक बाई बोलते. न्यायमंदिरापासून मांडवीपर्यंत चालत जाईस्तोवर ती चार जणांना झापून मोकळी होते. त्या चौघांना पत्ताही नसतो.

रसेल हर्लबर्ट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून लोकांना बीपर देत आले. तो वाजला की त्या क्षणी मनात काय होतं ते टिपायचं. कुणाकडे शब्द निघाले, कुणाकडे चित्रं, कुणाकडे नुसतीच भावना. आतला आवाज नसण्याला २०२४ मध्ये नेडरगार्ड आणि लुपयान या संशोधकांनी 'अ‍ॅनएन्डोफेझिया' असं नाव दिलं. आतला आवाज कमी असणाऱ्यांना शब्द लक्षात ठेवणं आणि यमक ओळखणं जरा जड गेलं. मायेची परीक्षा त्यात नव्हतीच. ती तुम्ही घेतलीत, आणि पेपर न देताच नवऱ्याला नापासही केलंत.

तुमची ती रात्रीची बडबड म्हणजे आईची काळजी, असं तुम्ही धरून चाललाय. त्या बडबडीने आईला अजून पेलाभर पाणीही दिलेलं नाही. झोप तेवढी गेली.

आज जेवणं झाली की झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसा आणि मोठ्याने म्हणा, "आईला इथे आणायचंय." एवढंच. खोल्यांचा हिशेब नको, दिवाळीपासूनची यादी नको. मग गप्प बसा. झोपाळ्याचे वीस झोके होऊन गेले तरी त्यांच्या वतीने उत्तर देऊ नका.

आणि ते खरंच म्हणाले, "दोन खोल्यांत कुठे?", तर खुशाल भांडा. तालीम झालेलीच आहे.