डेबियनच्या किमान इन्स्टॉलमध्ये डीएचसीपी अडलं तर नेटवर्क सोडून पुढे जावं का?

जुन्या लॅपटॉपवर डेस्कटॉपशिवाय डेबियन (एक लिनक्स सिस्टीम) टाकताना डीएचसीपी, म्हणजे राउटरकडून आपोआप नेटवर्क पत्ता मिळणं, फेल होतंय, तर 'आत्ता नेटवर्क नको' निवडू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून नका निवडू. नेटइन्स्टमध्ये (डेबियनच्या छोट्या इन्स्टॉल फाइलमध्ये) फक्त मूळ सिस्टीम असते, बाकी सगळं मिररवरून, म्हणजे डेबियनच्या डाउनलोड सर्व्हरवरून उतरतं. नंतर वायफाय जोडायला बसाल तर त्याचं पॅकेजच मशीनवर नसेल, आणि ते आणायला बहुतेकदा नेटच हवं!

इथे इंदूरला, रामबागेत काकांच्या मशीनवर मी असाच अडकलो होतो. शेवटी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं. इन्स्टॉलरला तो चक्क वायर्ड कार्डासारखा दिसला आणि डीएचसीपी एका दमात झालं. तुम्हीही आधी हेच करून बघा.

राउटरची केबल लावली असेल तर पोर्टाशेजारचा दिवा बघा. तो लागतच नसेल तर आधी केबल बदला, इंदुरात असाल तर जेल रोडवर लगेच मिळेल. दिवा लागूनही अडत असेल तर माहिती हाताने भरा: राउटर १९२.१६८.१.१ असेल तर पत्ता १९२.१६८.१.५०/२४, गेटवे (बाहेर जायची वाट) म्हणून राउटरचाच पत्ता, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) ८.८.८.८. पत्ता मात्र दुसऱ्या कुणाकडे नसलेला घ्या.

वायफायच हवं असेल तर आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) डेबियन १२ किंवा त्यापुढची घ्या. वायफाय कार्ड चालायला लागणारं फर्मवेअर २०२३ पासून अधिकृत आयएसओतच येतं.

मशीन सुरू झालं की पिंग (समोरून उत्तर येतं का बघायची कमांड) क्रमाने करा: गेटवे, मग ८.८.८.८, मग एखाद्या साइटचं नाव. नुसतं नावच अडलं तर दोष डीएनएसचा.