अत्याचार सोसलेल्या बाईला गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी कशी सुचवावी?

तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बचत गटाचं काम करता. गटातल्या एकीने जुन्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं आणि तिला या कॅन्सरचा धोका कसा सांगावा, असं तुम्ही विचारलंय.

'अत्याचार झाला म्हणून कॅन्सर होतो' असं तिच्या मनात बसू देऊ नका. हा रोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेकांना तो कधीतरी लागतो आणि दहातल्या नऊ जणींच्या अंगातून दोनेक वर्षांत आपोआप जातो. टिकलाच, तर कॅन्सर व्हायला साधारण 15-20 वर्षं लागतात. एचआयव्ही असेल आणि त्यावर उपचार चालू नसतील तर 5-10. खरी अडचण होते ती आतल्या तपासणीच्या धास्तीने दवाखानाच टाळल्यामुळे. एचपीव्ही सापडला तरी तो कुणाकडून, कधी आला हे कुठलीही चाचणी सांगत नाही. हे तिला आधीच सांगा, नाहीतर रिपोर्टवरून घरात वाद पेटतो.

घटना पुन्हा खोदून विचारू नका. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या सगळ्याच बायकांची दर 5 वर्षांनी तपासणी होते, तेव्हा वयाचंच कारण द्या. पिशवीच्या तोंडाला सौम्य अॅसिटिक अॅसिड लावून मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. काही ठिकाणी एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतः घेता येतो, ती सोय आहे का ते आधी विचारा.

नर्सबाईंशी आधीच ठरवा: लहान स्पेक्युलम (आत बघण्यासाठी योनीत घालायचं साधन), हवं तर तिने स्वतः आत घालायचा, हात वर केला की लगेच थांबायचं. 'अंग ढिलं सोड, गप्प पडून राहा' हे शब्द नकोत. अत्याचार करणाराही तेच बोललेला असू शकतो.

घटना ताजी असेल तर कॅन्सरचं राहू द्या. एचआयव्हीच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी 5 दिवसांच्या आत. वय 26 पर्यंत असेल तर एचपीव्हीची लस त्याच भेटीत सुरू करता येते. मुलगी 18 च्या आतली असेल, तर पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ती बोलायच्या आधीच तिला हे सांगा.

फॉर्म बहुधा कन्नडमध्ये असतो. तो मराठीत वाचून घ्या, पण दुभाषा म्हणून नणंद किंवा जाऊ नको, दवाखान्यातलीच कुणी बघा. आणि रिपोर्टसाठी नवऱ्याचा मोबाईल नंबर लिहू देऊ नका.