जुन्या मारुती ऑम्नीला कोणते टायर घ्यावेत? ८००चे टायर किंवा १३ इंची अलॉय चालतील का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००८ची ऑम्नी आहे, आठवड्यातले बरेच दिवस भाजीचे क्रेट भरून मार्केट यार्डात जाते आणि सुट्टीला घरची मंडळी बसतात. दुकानदार म्हणतो, मारुती ८००चे टायर टाका, नाहीतर सरळ १३ इंची अलॉय चाकं करून घ्या. मी टायरच्याच धंद्यात आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत. कंपनीने दिलेला १४५ आर १२ एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा) हाच टायर घ्या.

८००चा टायर म्हणजे १४५/७० आर १२. रिम १२ इंचीच, त्यामुळे तो ऑम्नीच्या डिस्कवर, म्हणजे लोखंडी रिमवर, आरामात बसतो आणि म्हणूनच सर्रास टाकला जातो. पण टायरच्या अंगावर साइजच्या पुढे आणखी एक आकडा असतो, तो कुणी वाचत नाही. ८००च्या टायरवर बहुधा ६९ दिसेल. त्याचा अर्थ, पूर्ण हवा असताना एका टायरने ३२५ किलो पेलायचे. एलटी टायरवर साधारणपणे ८०/७८ असे दोन आकडे असतात. दुसरा जोडचाकांसाठी, आपला पहिला. ८० म्हणजे ४५० किलो. आता मागच्या दोन चाकांचा हिशोब करा: एकीकडे ६५०, दुसरीकडे ९०० किलो. अडीचशे किलोचा फरक आहे, आणि तुमचे क्रेट नेमके मागेच असतात. ओझ्याखाली टायरची बाजू सतत दबते, आतून तापते आणि उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर तिथेच फुटते. मागे माणसं बसलेली असताना ही जोखीम घेऊ नका.

शिवाय तो टायर उंचीलाही कमी. एलटीचा व्यास साधारण ५४२ मिमी, ८००च्या टायरचा ५०८. गाडी १७ मिमी खाली बसते, आणि काट्यावर ६० दिसत असताना खरा वेग ५६च्या आसपास असतो. किलोमीटरही जास्त पडतात, म्हणजे तुमचा ॲव्हरेजचा हिशोबच चुकतो.

एलटीमध्ये ६ पीआर आणि ८ पीआर मिळतात (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या ताकदीचा दर्जा). रोज माल असेल तर ८ पीआर घ्या. रिकाम्या गाडीत थोडे धक्के जाणवतील, ते सोसा. हवा मात्र मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढीच, पुढची वेगळी, मागची वेगळी.

आता १३ इंची. व्यासाचं गणित जुळवता येतं. १६५/६५ आर १३ जवळजवळ ५४५ मिमी भरतो. पण त्याचा आकडा ७७, म्हणजे ४१२ किलो, तोही मूळ टायरपेक्षा कमीच. रिमचा प्रश्न वेगळाच. ऑम्नीच्या चार नटांचा पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ११४.३ मिमी आहे. स्विफ्टचा १००. सेकंडहँड बाजारात ‘जरा घासून बसवतो’ म्हणणारे भेटतात. भोकं घासून बसवलेलं चाक गाडीला अजिबात लावू देऊ नका. पीसीडी जुळला तरी ऑफसेट (रिमची गाडीला टेकणारी बाजू मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते माप) चुकला की चाक बाहेर येतं, बेअरिंगवर ताण पडतो किंवा टायर आतून घासतो.

तरीही हौस असेल तर एक चाचणी नक्की करा. पुढच्या टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला खडूने जाड रेघ मारा, गाडीत माल भरा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून एखाद्या गतिरोधकावरून हळू न्या. चाकाभोवतीच्या मडगार्डच्या आत खडू लागला असेल तर ती साइज तुमच्या गाडीची नाही.

टायर उतरवल्यावर जुनी डिस्क स्वतः बघा. टायर जिथे बसतो त्या कडेवरून बोट फिरवा. गंजाचे पोपडे निघाले तर ट्यूबलेसमधली हवा तिथून हळूहळू जाते, आणि लोक पंक्चर शोधत बसतात. वरवरचा गंज ब्रशने काढून रंग देता येतो. कड खाल्ली गेली असेल तर त्याच मापाची नवी लोखंडी डिस्क घ्या. वॉल्व्ह दरवेळी नवा.

खरेदी करताना टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. १२ इंची एलटीला गिऱ्हाईक कमी झालंय, त्यामुळे दुकानात पडून राहिलेला माल गळ्यात पडू शकतो. दोन-तीन वर्षं जुना असेल तर दुसरा मागा. दोनच घेणार असाल तर नवी जोडी मागे लावा, आणि शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा आवळून घ्या.