नॉमिनी भाचा, शिष्यवृत्ती कॉलेजला : पैसे नेमके कुणाचे?

प्रश्न : मी ७२ वर्षांची निवृत्त शिक्षिका, दादरला राहते. पती हयात नाहीत, मूलबाळ नाही. पगारातून साठवलेली २० लाखांची मुदत ठेव आहे, नॉमिनी भाचा. ती ‘माझ्या कॉलेजला’ मिळावी आणि व्याजातून मुलींना पतीच्या नावे शिष्यवृत्ती द्यावी, असं मृत्युपत्र मी लिहून सही केली आहे. भाचा म्हणतो, नॉमिनी मी, पैसे माझे. खरं का?

उत्तर : नाही. बँक रक्कम भाच्याच्या हाती देईल, पण तेवढ्यानं तो मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं बँकेतल्या ठेवींबाबत २०१० मध्ये आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये हेच सांगितलं आहे. तरी पैसे त्याच्या खात्यात गेल्यावर कॉलेजला त्याच्यामागे कोर्टात धावावं लागेल. म्हणून मृत्युपत्रात विश्वासातला एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस) नेमा आणि नॉमिनीही त्यालाच करा.

मला जास्त काळजी तुमच्या मृत्युपत्राची वाटते. तुमच्या प्रश्नात साक्षीदारांचा उल्लेख नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या नसतील तर तो कागद मृत्युपत्र ठरत नाही आणि ही रक्कम हिंदू वारसा कायद्यानं तुमच्या पतीच्या वारसांकडे जाईल. म्हणजे भाचा तुमच्या माहेरचा असेल तर त्यालाही काही नाही! स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण भाच्याचा सूर पाहता दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करा आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण असावेत.

‘माझं कॉलेज’ हे पुरेसं नाही. कॉलेज चालवणारा ट्रस्ट वेगळा असतो, देणगी घेतो तोच. त्याचं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. ठेवीचा क्रमांक मात्र लिहू नका. नूतनीकरणात तो बदलला की ‘ती ठेव उरलीच नाही’ असा वाद उभा राहतो. ‘माझ्या सर्व ठेवी आणि खात्यांतून २० लाख’ असं लिहा.

पुढे ‘ही रक्कम कॉर्पस (कायमचं मुद्दल) म्हणून कायम ठेवावी, फक्त व्याज वापरावं’ हे वाक्य हवंच. ते नसेल तर देणगी साधं उत्पन्न धरली जाते, आणि करसवलतीसाठी ट्रस्टला उत्पन्नातला ८५ टक्के भाग साधारणपणे त्याच वर्षी खर्चावा लागतो. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला १ लाख ३० हजार मिळतील. वीस हजारांच्या पाच शिष्यवृत्त्या द्या, उरलेले ३० हजार मुद्दलात घालायला सांगा; नाहीतर दहा-पंधरा वर्षांनी वीस हजारांत फीही भागणार नाही.

अटी सैल ठेवा. ‘बी.ए. मराठीत पहिली येणारी’ लिहिलंत आणि तो विभाग बंद पडला, तर वापर बदलण्यासाठी पुन्हा कोर्ट. पर्यायी विषय आणि पर्यायी संस्था तुम्हीच लिहून ठेवा. ‘आमच्याच जातीच्या मुली’ ही अट नकोच, त्यानं ट्रस्टच्या करसवलतीला बाधा येऊ शकते.

आधी ट्रस्टच्या कार्यालयात जाऊन या अटी मान्य असल्याचा लेखी ठराव मागा. शक्य असेल तर पाच लाख आत्ताच चेकनं द्या. जुन्या करप्रणालीत असाल आणि ट्रस्टकडे देणगीवर करवजावट देणारी (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) मान्यता असेल तर त्यावर वजावट मिळेल, मृत्युपत्रानं दिलेल्या रकमेवर ती मिळत नाही. शिवाय ट्रस्ट शिष्यवृत्ती वेळेवर देतो का, हे दोन-तीन वर्षं स्वतः बघता येईल. नाही पटलं, तर मृत्युपत्र बदलणं तुमच्याच हातात आहे.