बेडकांच्या व्हिव्हेरियममध्ये मागच्या भिंतीला काय लावावं?
व्हिव्हेरियममध्ये, म्हणजे बेडूक पाळायच्या जिवंत झाडं असलेल्या पेटीत, कॉर्कची साल लावावी की नारळाच्या काथ्याची चटई, असं तुम्ही विचारलंय. मी डोळे झाकून कॉर्क म्हणेन. सततच्या ओलाव्यातही ती वर्षानुवर्षं टिकते, आणि तिच्या खडबडीत भेगांमध्ये शेवाळ, ऑर्किडची मुळं घट्ट धरतात. काथ्या दमटपणात त्यामानाने लवकर कुजतो. वेली चढवायच्या असतील तर ट्री फर्नचे (झाडासारख्या उंच नेच्याच्या खोडाचे) तक्तेही उत्तम, पाणी छान धरून ठेवतात.

पाईन, देवदार मात्र नकोच. बेडूक पाणी कातडीतून शोषतो, त्यामुळे लाकडातली राळ किंवा फवारलेलं रसायन थेट त्याच्या अंगात जाऊ शकतं.

साल सिलिकॉनने चिकटवताना मागच्या फटी नीट बुजवा, नाहीतर लहान बेडूक आत शिरून अडकतो. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याशिवाय बेडूक सोडू नका.