रस्त्यावर झोपलेल्या बेघर माणसाचा न विचारता काढलेला फोटो पोस्ट करावा का?

चेहरा ओळखू येत असेल तर नका करू. सार्वजनिक जागेत फोटो काढायला बऱ्याच देशांत आडकाठी नसते हे खरं, पण सगळीकडे नाही, जर्मनीत कुणाची असहाय अवस्था दाखवणारा फोटो नुसता काढला तरी तिथल्या दंडसंहितेच्या कलम २०१ अ खाली गुन्हा होऊ शकतो. आणि कायदा सोडा हो, अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने १९३६ मध्ये काढलेला एका गरीब मजूर आईचा 'मायग्रंट मदर' हा फोटो जगभर छापला गेला पण त्या बाईचं नावसुद्धा लँगने विचारलं नव्हतं, ती बाई १९७८ मध्ये समोर आली तेव्हा म्हणाली की यातून मला दमडी मिळाली नाही. मारहाणीचा वगैरे पुरावा म्हणून लागणार असेल तर मात्र जरूर काढा, फक्त टाकताना मार खाणाऱ्याचा चेहरा काळ्या पट्टीने झाका (हलका ब्लर पुरत नाही) आणि फाइलमधलं लोकेशन उडवा.