टेपअलर्ट वाचण्याआधी एवढं ऐक

वाळूजच्या कंपनीत बॅकअप तुझ्या गळ्यात पडलाय म्हणतोस, तर टेप ड्राइव्हच्या (टेपवर बॅकअप लिहिणाऱ्या यंत्राच्या) इशाऱ्यांची खोड आधीच ओळखून घे. ड्राइव्हकडं टेपअलर्टचे, म्हणजे बिघाड कळवणाऱ्या इशाऱ्यांचे, ६४ फ्लॅग (नंबरवार खुणा) असतात, लॉग पेज २ई मध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या नोंदींच्या एका पानावर. गंमत अशी, की बहुतेक ड्राइव्हमध्ये हे पान वाचलं की वाचणाऱ्या सर्व्हरपुरते फ्लॅग पुसले जातात. तू हौसेनं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीत) दर पाच मिनिटाला टेपइन्फो, म्हणजे हे पान वाचणारी कमांड, लावलंस, तर त्याच मशीनवरच्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या हाती काहीच लागणार नाही. वाचणारा एकच ठेव, अन् वाचलेलं लगेच तारखेसकट फाइलमध्ये टाक.

टेप बदलली तरी काही फ्लॅग जातात, अन् ड्राइव्ह बंद-चालू केला तरी जातात. म्हणून लाल दिवा दिसला की आधी स्विचकडं हात नेऊ नको; बंद-चालू करायची ही सवय सगळ्यांनाच असते.

२० नंबरचा फ्लॅग म्हणजे ड्राइव्ह आत्ताच साफ कर, २१ म्हणजे सवडीनं. २० आला की क्लीनिंग कार्ट्रिज, म्हणजे ड्राइव्ह साफ करणारी खास टेप, घाल. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ माहीतच आहे तुला, सर्व्हर रूमचं दार उघडं टाकू नको. २२ आला तर ते कार्ट्रिजच संपलंय, नवं मागव.

४ नंबर टेपच्या बिघाडाचा. त्यावरचा डेटा दुसऱ्या टेपवर घे आणि ती बाद कर. पण तोच ४ वेगवेगळ्या टेपांवर यायला लागला, तर संशय ड्राइव्हवर घ्यायचा. ३० आणि ३१ ड्राइव्हच्या हार्डवेअरच्या बिघाडाचे. तिथं सर्व्हिसवाल्याला फोन लाव आणि ती जपलेली फाइल त्याच्यापुढं ठेव.